जुन्या गाड्यांच्या रबरी भागांवर निर्मितीचे वर्ष छापावे

महोदय,

मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. त्यानंतर माझ्या ओळखीतील तिघांनी घरी झाकून ठेवलेल्या आपापल्या पद्मिनी दुरुस्त करून घेतल्या. तिघांनीही रंगकाम, क्रोम आणि सीटकव्हरवर सढळ हाताने खर्च केला. मात्र इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकते ते रबरी बैठक-तुकडे), स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश (सांध्यातली रबरी नळकांडी), सायलेन्सरचे हँगर, पेट्रोलचा पाइप अशा लहानसहान रबरी वस्तूंकडे एकानेही पाहिले नाही. या दुर्लक्षाची किंमत मी स्वतः मोजलेली असल्याने हे पत्र लिहीत आहे.

वडिलांनी घेतलेली १९८४ ची पद्मिनी मी आजही चालवतो. काही वर्षांपूर्वी पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना ती थरथरू लागली. एका गॅरेजने क्लचप्लेट आणि प्रेशरप्लेट दोन्ही बदलल्या, तरी थरथर तशीच राहिली. अखेर एका वयस्कर मिस्त्रींनी चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन जेमतेम बोटभर उचलले, तेव्हा माउंटिंगची वरची पट्टी इंजिनाबरोबर वर गेली आणि रबर खालीच राहिले. हे रबर कारखान्यात उष्णता देऊन धातूच्या पट्टीला पक्के जोडलेले असते. तो जोड सुटला तरी बाहेरून माउंटिंग शाबूत दिसते, कारण इंजिनाच्या वजनाने फट मिटलेली असते.

नवे माउंटिंग बाजारातून आणले, पाकीटबंद आणि दिसायला कोरे. वर्षभरात त्याला भेगा पडल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातले पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटून गेली आहेत, त्यामुळे दुकानात मिळणारा जुना माल किती वर्षे पडून आहे, हे ना विक्रेत्याला ठाऊक असते ना ग्राहकाला. रबर वापराने झिजते तसे नुसते पडून राहूनही कडक होते. उष्णता आणि हवेतला ओझोन त्याला फडताळातही सोडत नाहीत.

माउंटिंग फुटले तर गाडी थरथरेल, इतकेच. ब्रेकच्या सिलिंडरमधले, ऑइल अडवून धरणारे रबरी कप आणि पेट्रोलचा पाइप यांच्याबाबत मात्र प्रश्न जिवाचा आहे. हे कप पेट्रोलने धुण्याची सवय अजूनही अनेक ठिकाणी दिसते. त्याने ते फुगतात आणि ब्रेक अडकतात किंवा गळू लागतात, म्हणून ते ब्रेक ऑइलनेच धुवायला हवेत. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि कार्ब्युरेटरच्या काळातला साधा रबरी पाइप त्यासाठी बनवलेलाच नव्हता. माझ्या गाडीचा जुना पाइप उभा चिरला, तेव्हा आतला थर चिकट होऊन बोटाला काळा लागत होता. तोच पाइप तापलेल्या इंजिनावर ठिबकू लागला असता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

काही हौशी मालक गाडी ‘मूळ रूपात’ राहावी म्हणून जुनेच रबर जपतात. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी सुरू झाल्यापासून ही काळजी वाढली आहे. त्यांची भावना मी समजू शकतो, परंतु त्याच मापाचे नवे रबर बसवल्याने गाडीचे रूप बदलत नाही. इंजिन ऑइल बदलावे तसेच हे आहे.

टायरवर तो कोणत्या वर्षी आणि कोणत्या आठवड्यात बनला, हे चार आकड्यांत छापलेले असते. माउंटिंग, बुश, ब्रेकचे किट आणि पेट्रोलचे पाइप बनवणाऱ्या उत्पादकांनीही तसाच शिक्का मारावा, आणि पाइपवर तो इथेनॉलयुक्त पेट्रोलसाठी योग्य आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे. साचा तयार करतानाच वर्षाची खूण ठेवली तर त्याचा खर्च फारसा येणार नाही. शासनाने तसा नियम करेपर्यंत वाहनमालकांनी तरी दुकानदाराकडे निर्मितीचे वर्ष आग्रहाने विचारावे, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, पुणे