उशाशी मण्यार, औषध तालुक्याला

महोदय,
पावसाळ्यात कोकणात जमिनीवर अंथरूण टाकणाऱ्यांना खरी धास्ती मण्यार या विषारी सापाची. ती रात्री घरात शिरते, आणि चावली तरी अनेकदा कळत नाही. सूज नाही, फारशी वेदना नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि घरचे पित्त समजून सरबत पाजतात! नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिसर्पविष (सापाचं विष उतरवणारं औषध) चालतं. मात्र मण्यारच्या विषाने श्वासच बंद पडतो, म्हणून कृत्रिम श्वासाची सोयही जवळ हवी. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला, तोही ग्रामीण भागात राहून. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर आणि प्रतिसर्पविष का मिळू नये? तोवर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. मांत्रिकापेक्षा स्वस्त पडते.
— एक वाचक, माणगाव (रायगड)