घरभाडे वाचेल, घसाऱ्याचे काय?

संपादक महोदय,

पुण्या-मुंबईतली भाडी पाहून ‘घर सोडू आणि कॅम्परव्हॅनमध्ये (आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय केलेल्या गाडीत) राहू’ असा बेत आखणारी जोडपी हल्ली गाड्यांची बॉडी बांधणाऱ्यांकडे चौकशीला येतात. हिशेब ठरलेला असतो: भाडे शून्य. तो चुकतो.

महिना २०,००० रुपये भाडे धरले तर वर्षाचे २ लाख ४० हजार. गाडी आणि आतले काम मिळून २५ लाख धरा. विम्याच्या तक्त्याप्रमाणे पाच वर्षांत गाडीची घोषित किंमत निम्म्यावर येते, म्हणजे वर्षाला अडीच लाख नुसत्या घसाऱ्यात गेले. डिझेल, विम्याचा हप्ता, टायर, कर्जाचे व्याज वेगळेच. घरमालकाकडचे डिपॉझिट निदान परत तरी मिळते.

मग ‘जुनी डिलिव्हरी व्हॅन घेऊन स्वस्तात करू’ अशी पळवाट निघते. आरसीवर मालवाहू वाहन आणि आत पलंग-गॅस, हे चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खरा फटका बसतो तो आग लागल्यावर, विमा कंपनी कागद मागते तेव्हा. आरसीला पत्ता लागतो तो वेगळाच. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार बँक, गॅस, शाळाप्रवेश सगळीकडे चालतो. व्हॅनवाल्याला त्यासाठी नातेवाइकांकडे जावे लागते.

विजेची चर्चा सगळे करतात, पाण्याची कोणी करत नाही. शहरी पाणीपुरवठ्याचे मानक माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. व्हॅनमध्ये १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो वजन. दोघांनी मिळून दिवसाला २५ लिटरवर भागवले तर चार दिवस. तेवढेच सांडपाणी साठवायला दुसरी टाकी हवी, नाहीतर साबणाचे पाणी सोसायटीच्या दारात सुटते आणि वॉचमन काच ठोठावतो. कॅसेट टॉयलेटची, म्हणजे खालची टाकी ओढून काढता येणाऱ्या संडासाची, टाकी साधारण २० लिटरची, दोघांत दोन-तीन दिवसांत भरते. ती ड्रेनेजला जोडलेल्या संडासातच रिकामी करावी. नाल्यात तर नाहीच, आणि जंतुनाशक रसायन टाकले असेल तर सेप्टिक टँकमध्येही नको, कारण मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

वीज त्यामानाने सोपी. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. छोटा फ्रिज, पंखा, दिवे, लॅपटॉप यांना दिवसाला एक-सव्वा युनिट पुरते. टपावरचे ४०० वॅटचे सोलर पॅनेल उन्हाळ्यात ते भरून काढते, जुलैत नाही. एक टनाचा एसी मात्र चालू असताना तासाला युनिटभर खातो. मध्यरात्रीच्या आत बॅटरी संपते. इंडक्शनचा मोहही आवरावा. २,००० वॅटसाठी १२ व्होल्टवर १८० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला जातो. तिथे ५० चौरस मिलिमीटरची जाड केबल, केबलच्या टोकाला नीट दाबलेले लग (धातूचे जोड) आणि बॅटरीच्या लगतच फ्यूज हवा. घरगुती वायर वापरली की आधी सांधा तापतो आणि मग प्लायवूड. गॅस ठेवणार असाल तर फरशीच्या पातळीला हवा जायला जाळी ठेवाच. एलपीजी हवेपेक्षा जड, तळाशीच साचतो.

पावसाळा ही खरी परीक्षा. टपाला पंख्यासाठी पाडलेल्या भोकाभोवती सिलिकॉन भरले तर गाडीच्या हादऱ्यांनी ते सुटते. ब्यूटाइलची (चिकट रबराची) पट्टी आणि वर पॉलियुरेथेन सीलंट लागतो. ग्लासवूल पाणी धरून बसते म्हणून उष्णता रोखायला पत्र्याला नायट्राइल रबरचा फोम चिकटवावा. एवढे करूनही दोन माणसांच्या श्वासातली वाफ गार पत्र्यावर जमते आणि गादीखाली बुरशी धरते. पलंगाला सलग फळीऐवजी पट्ट्या हव्यात.

ज्यांचे काम गावोगाव फिरण्याचे आहे त्यांना व्हॅन परवडू शकते, कारण त्यांचा लॉजचा खर्च वाचतो. हिंजवडीत रोज हजेरी लावणाऱ्याला नाही. राज्याचे २०२१ चे कॅराव्हॅन धोरण पर्यटनासाठी आहे, कायम राहणाऱ्यांसाठी नाही. तरीही महामार्गालगत पाणी भरायची आणि मैला टाकायची ठिकाणे उभी राहिली, तर पर्यटक आणि व्हॅनमध्ये राहणारे, सोय दोघांचीही होईल. तोवर इच्छुकांनी ऑर्डर देण्याआधी जुलैत आठ दिवस भाड्याच्या व्हॅनमध्ये राहावे, तेही लोणावळ्यात नाही, आपल्या ऑफिसच्या जवळ.

आपला,
व्हॅनबांधणीच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे