शनिवारी फिजीच्या ताई-भाऊजींसोबत व्हिडिओ कॉल, वेळ नीट वाचा

सर्वांना जय ख्रिस्त. कॉल दुपारी दीडला आहे, हो दुपारीच, कारण सुवा (फिजीची राजधानी) आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे, तिकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उपासनेला जायचंय, तर प्लीज उशीर नको.

नवीन मेंबर्ससाठी: दोघं सुव्यातल्या पॅसिफिक थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये (आता नाव पासिफिका कम्युनिटीज युनिव्हर्सिटी) शिकवतात. १९६६ पासून चालू आहे, टोंगा, सामोआ, किरिबाटी अशा बेटांवरून वेगवेगळ्या चर्चचे विद्यार्थी येतात, बरेचसे बायकापोरांसकट कॅम्पसवरच राहतात, त्यामुळे मिशनरी म्हणजे नुसते वर्गातले तास असं समजू नका, शेजारच्या पोराला ताप आला तरी दार यांचंच वाजतं. पाहुणचाराला चटईवर मांडी घालून यांगोना (कावाच्या मुळांचं पेय), टाळी वाजवायची, करवंटी घ्यायची नि एका दमात संपवायची, चव मातकट आणि जीभ बधीर! (भाऊजींना आवडते म्हणे, ताईंना नाही.) बाजारात मात्र हिंदीवर भागतं, गिरमिटियांची (इंग्रजांनी करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची) नातवंडं-पतवंडं आहेत ना तिकडे.

नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा सीझन, लाईट गेली तर कॉल कट होईल, लगेच लेफ्ट होऊ नका, थोडं थांबा.

त्यांना पाठवायच्या पार्सलमध्ये बियाणं, रोपं अजिबात टाकू नका, फिजीत त्याबाबत फार कडक आहेत, सगळा बॉक्स अडकेल. प्रार्थनाविषय आणि प्रश्न शुक्रवारपर्यंत इथेच टाका, आणि तेच ते "जेवण काय असतं" नको, अळूचे कंद आणि मासे, झालं उत्तर.