कमान तुटली होती, पण ताईच्या हातून नाही

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या टेबलासमोरून उठले तेव्हा घसा दाटून आला होता. आभाराचे दोन शब्दही धड बोलता आले नाहीत, आणि तोवर तुम्ही डोळ्याला भिंग लावून पुढचं घड्याळ उघडायलाही घेतलं होतंत. तेव्हा राहिलेलं आज लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. एखादा बंद पडलेला चावीचा खेळ अजून कित्येकांच्या कपाटात पडून असेल. तुमच्यासारखं माणूस आहे, हे त्यांनाही कळू दे.

तळहातावर मावणारी ती लाल डबी तुम्ही हातात घेतलीत आणि आधी कानाशी धरलीत. तिथेच मला धीर आला, कारण माझा धाकटा भाऊही ती तशीच कानाशी धरायचा. खेळ त्याचा होता. वर पारदर्शक झाकण, आत रस्ता छापलेली गोल चकती. चकती फिरायची आणि इवलीशी निळी गाडी अंगठ्याने डावी-उजवीकडे सरकवत अडथळ्यांमधून काढायची. सेल नाही, पडदा नाही. बुडाशी फक्त एक चावी.

आम्हा दोघांच्या पाळ्या कमानच, म्हणजे चावीने आवळली जाणारी आतली स्प्रिंगच, ठरवायची. एका चावीला एक पाळी, मोठ्या माणसाने मध्ये पडायची गरज नाही. शेवटच्या दोन फेऱ्यांना चकती रेंगाळायला लागायची, गाडी काढणं सोपं व्हायचं, आणि ज्याची पाळी असे त्याला त्या दोन फेऱ्या कधीच संपू नयेत असं वाटायचं. एका दुपारी मलाही तसंच वाटलं. पूर्ण चावी झाली होती तरी मी अजून एक पीळ दिला. आत 'टक्क' झालं आणि चावी बोटांत सैल फिरायला लागली.

भाऊ रडला नाही. डबी कानाशी धरून बराच वेळ बसून राहिला, बस. 'ताईने जास्त चावी दिली' हे वाक्य मात्र घरात राहिलं. पुढे काहीही बिघडलं की कुणीतरी ते म्हणायचं. तोही हसायचा, मीही हसायचे. चौतीस वर्षं हसत होते काका, पण ते वाक्य दर वेळी लागायचं.

तुमच्याकडे येण्याआधी एकाला खेळ दाखवला होता. तो म्हणाला, कमान काढून टाकू, सेलवरची छोटी मोटर बसवून देतो. मी जवळजवळ हो म्हणणार होते. तुम्हाला हे सांगितल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "मोटर बसवली तर फिरेल. पण थांबेल कधी?" आमच्या पाळ्यांबद्दल मी तोवर तुम्हाला एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

मग डबी उघडलीत. इतक्या वर्षांत मी तिच्या आत कधी पाहिलं नव्हतं. पितळी चाकं एकीत एक गुंतलेली, कडेला चावी उलटी फिरू न देणारी खिटी, आणि सगळ्यात शेवटी नखाएवढी एक पट्टी, शेवटच्या चाकाच्या दात्यांवर टकटक आपटत राहणारी. ती चाकाला सुसाट सुटू देत नाही, म्हणून पूर्ण चावीची कमान जोरात असली तरी चकती बेताने फिरते, असं तुम्ही समजावलंत. म्हणजे ती घरघर या पट्टीची! आम्ही दोघं तो आवाज गाडीच्या इंजिनाचा समजत आलो.

नंतर तुम्ही कमानीचं तुटकं टोक चिमट्यात धरलंत आणि भिंग माझ्या हातात दिलंत. टोकाला अडकवण्यासाठी पाडलेलं भोक होतं, त्याच्या खरबरीत कडेपासून तडा गेलेला. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग जुनं तेल मुरून काळा पडला होता, उरलेला अर्धा त्यामानाने उजळ होता. "हा काळा भाग आधीच चिरलेला होता, म्हणून आत तेल शिरलं. खेळ बनला तेव्हापासून ही चीर वाढत असणार," तुम्ही म्हणालात. "पूर्ण चावी झाली की कमान आवळून बसते आणि चावी थांबते. पोरीच्या बोटांनी धड पोलाद तुटत नाही, बाई. ही कुणाच्याही हातात तुटली असती."

मी ते भिंग खाली ठेवलंच नाही, ते यासाठी.

टोक ज्योतीवर धरून तुम्ही तेवढ्याच भागाचं पाणी उतरवलंत, म्हणजे पोलाद मऊ होऊन नवं भोक पाडता येईल. पितळी चाकं पेट्रोलमध्ये धुतलीत. तेल लावलंत ते सुईच्या टोकाने, फक्त धातूच्या आसांना. कमान बोटभर तोकडी झाली, म्हणून एखादी फेरी कमी भरेल, हेही आधीच सांगून टाकलंत.

घरी आल्यावर अशा खेळांविषयी मिळेल ते वाचलं. जपानच्या टोमी कंपनीने १९७५ साली 'पॉकेट मेट' नावाने खिशात मावणारे असे खेळ काढले, ब्रिटनमध्ये ते 'पॉकेटियर्स' म्हणून विकले गेले. पुढच्याच वर्षी मॅटेलचा 'ऑटो रेस' आला, लाल ठिपक्यांच्या गाड्यांचा, सगळा इलेक्ट्रॉनिक. १९८० मध्ये निंटेंडोचा 'गेम अँड वॉच' आला. पण माझा जीव जडला तो टोमीच्या १९७७च्या 'ब्लिप'वर. त्यातला लाल दिवा सेलवर पेटतो, पण त्याला इकडून तिकडे नेणारी यंत्रणा चावीचीच! तुमच्या हातात तो एकदा द्यावा असं फार वाटतं.

परवा भावाला फोन लावला आणि काही न बोलता डबी फोनजवळ धरली. सात फेऱ्या झाल्या. शेवटच्या दोन पूर्वीसारख्याच रेंगाळल्या. घरघर थांबल्यावर तो म्हणाला, "ताई, परत दे ना चावी." मग मी त्याला त्या काळ्या कडेबद्दल सांगितलं. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अगं, मी पण गुपचूप एकेक पीळ जास्त द्यायचो."

काल खेळ त्याच्याकडे पाठवला. ठेवायचा झाला तर कमान पूर्ण उतरवून ठेवायची, हे तुमचं सांगणं चिठ्ठीवर लिहून डबीला बांधलं आहे. चावी दिलेली नाही. आता पाळी त्याची आहे.

तुमची,
डबीवाली ताई