‘नेटफ्लिक्स अँड चिल’ आणि आमची भिशी

महोदय,

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘पावसाळी सुट्टी : सहकुटुंब नेटफ्लिक्स अँड चिल’ असा मथळा होता. खाली आजी-आजोबा, नातवंडं आणि कांदाभज्यांची ताटली असं चित्र. मला मथळा इतका आवडला, की तोच उचलून मी भिशीच्या ग्रुपवर टाकला : ‘शनिवारी दुपारी माझ्याकडे नेटफ्लिक्स अँड चिल. येताना कुणीतरी भडंग आणा.’ अकरा जणींचे अंगठे आले. एकीने विचारलं, मिस्टरांना आणलं तर चालेल का? संध्याकाळी नातीने माझा फोन हातात घेतला आणि ती ओरडलीच, “आजी, हे आधी डिलीट कर!” तोवर सगळ्यांचं वाचून झालं होतं.

तिने लाजत लाजत जो अर्थ सांगितला, तो आपल्या संपादकीय विभागालाही ठाऊक नसावा, म्हणून हे पत्र. या शब्दप्रयोगात सिनेमा हे निव्वळ निमित्त असतं. ‘ये ना घरी, काहीतरी बघू’ असं म्हणून बोलवायचं; पडद्यावर काय चाललंय, इकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नसतं. याहून स्पष्ट मी लिहिणार नाही.

तो नेहमीच असा नव्हता. २००७ साली नेटफ्लिक्स इंटरनेटवरून सिनेमे दाखवू लागलं. त्याआधी ही कंपनी टपालाने डीव्हीडी पाठवायची. २००९ मध्ये ट्विटरवर हे शब्द दिसतात ते अगदी सरळ अर्थाने, काहीतरी बघत पडून राहायचं म्हणून. पुढच्या पाच-सहा वर्षांत तरुण मंडळींनी त्यात डोळा मारला. अमेरिकन डायलेक्ट सोसायटी ही भाषा-अभ्यासकांची संस्था दरवर्षी शब्द निवडते. तिने २०१५ सालचा सर्वांत आडपडद्याचा शब्दप्रयोग म्हणून याचीच निवड केली. हा निकाल २०१६ च्या जानेवारीत लागला आणि त्याच महिन्यात नेटफ्लिक्स भारतात आलं. म्हणजे आपल्याकडे शब्द पोचला तो बदनाम होऊनच. २०२० मध्ये तर बेन अँड जेरीज कंपनीने नेटफ्लिक्सबरोबर ‘नेटफ्लिक्स अँड चिल्ड’ नावाचं आइस्क्रीमच काढलं. शब्द निदान परत गारठ्यात गेला, असं म्हणायचं!

कारण ‘चिल’ हा जुन्या इंग्रजीतला मूळचा थंडीचाच शब्द. तापातली हुडहुडी, भीतीने अंगावर येणारा काटा हे त्याचे जुने अर्थ, आणि ते अजून मेलेले नाहीत. मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द करताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘चिलिंग इफेक्ट’ म्हटलं, ते काही आरामाबद्दल नव्हे. कायद्याच्या धाकाने माणूस बोलायचंच टाळतो, त्याबद्दल. आरामाचा अर्थ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या बोलीतून वर आला. १९७९ च्या ‘रॅपर्स डिलाइट’ या गाण्यात हा शब्द आहे. त्यानंतर दहाएक वर्षांनी लंडनच्या नाइट क्लबांत ‘चिल-आउट रूम’ निघाल्या. रात्रभर नाचून घामाघूम झालेल्यांनी तिथे येऊन पडायचं आणि संथ संगीत ऐकत गार व्हायचं.

इंग्रजी शब्द नकोत, असं माझं मुळीच म्हणणं नाही. ‘चिल मार’ आमच्या घरात दिवसातून दहादा ऐकू येतं. तसं ‘थंड घे’ आपल्याकडेही आहेच. चहा निवतो तसा आपला जीवही निवतो. गंमत म्हणजे थंडीतून आरामाकडे जाणारी वाट मराठीलाही आधीपासून ठाऊक होती. (‘गार झाला’ मात्र जपून. तो एकदम स्मशानात पोचवतो.) आपल्या मथळ्यातही नुसतं ‘चिल’ असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. गोंधळ केला तो आधीच्या दोन शब्दांनी.

शनिवारी नऊ जणी आल्या, मिस्टर एकही नाही. भडंग संपला, सिनेमा अर्ध्यावर राहिला. आपल्या वेबसाइटवर मात्र तो मथळा आज सकाळपर्यंत तसाच होता, आजोबांच्या चित्रासकट.

— एक नियमित वाचक, सांगली