नॅस निवडून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले, पण तेवढ्याने समाधान झालं नाही. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण घरी व्हिडिओ एडिटिंग करणारे बरेच जण याच प्रश्नाशी अडलेले असतात आणि तुम्ही मला जे समजावलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

मी विचारलं होतं, नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, दोन डिस्कचा घेऊ की चार डिस्कचा? तुम्ही उलट विचारलंत, "फुटेज कुठल्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या कुठल्या पद्धतीत आहे?" आणि कॅमेऱ्यातली एक फाइल उघडून तिचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा लागतो ते, बघायला लावलात. १०० मेगाबिट प्रति सेकंद. "आठ बिट म्हणजे एक बाइट, आता आठाने भागा." साडेबारा मेगाबाइट. साध्या गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळतात, म्हणजे तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकाच टाइमलाइनवर चालवलं तरी निम्म्याहून जास्त जागा उरते. पण कलरसाठी मी फुटेज प्रोरेस ४२२ एचक्यू या एडिटिंगच्या जड कोडेकमध्ये बदलून घेतो. फोर-के, ३० फ्रेमला त्याचा वेग जवळपास ८८० मेगाबिट, म्हणजे एकच क्लिप अख्खी लाइन खाते! अडीच गिगाबिटचं नेटवर्क का हवं, याचं उत्तर त्या एका भागाकारात होतं. कुठल्याही जाहिरातीत मला ते मिळालं नव्हतं.

नॅस, स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारा डबा) आणि कॉम्प्युटर, तिन्हींचे पोर्ट अडीच गिगाबिटचे हवेत, नाहीतर सगळं पुन्हा गिगाबिटवर येतं, हे तुम्ही आधीच बजावलंत. भिंतीतली कॅट ५ई ही जुनी नेटवर्क केबल मात्र काढू दिली नाहीत. अडीच गिगाबिट त्या केबलवरून १०० मीटरपर्यंत व्यवस्थित जातं. वायफायवरून एडिटिंगचा विषय तर तुम्ही एका वाक्यात संपवलात: सरासरी वेग कितीही दिसू दे, तो मध्येच कोसळला की टाइमलाइन अडखळणारच.

नॅसमध्ये एसएसडी कॅशे, म्हणजे नेहमी लागणारा डेटा हाताशी ठेवणारी वेगवान डिस्क, बसवण्यापासून तुम्ही अडवलंत त्याचे वेगळे आभार. पुन्हा पुन्हा वाचल्या जाणाऱ्या छोट्या फाइल्सना कॅशेचा फायदा होतो. लांबलचक फुटेज डिस्कवरून सलग वाचलं जातं आणि चार डिस्क मिळून तो वेग सहज देतात. त्याऐवजी सॉफ्टवेअरची कॅशे आणि प्रोजेक्टचा डेटाबेस कॉम्प्युटरच्या स्वतःच्या एसएसडीवर ठेवायला सांगितलंत. थंबनेल आणि वेव्हफॉर्म आता पटकन उमटतात, तो फरक मला रोज जाणवतो.

डिस्क घेताना मात्र तुम्ही हट्टच धरलात. ट्रॅक शेजारी-शेजारी असलेली सीएमआरच घ्यायची, एसएमआर नको. एसएमआरमध्ये ट्रॅक एकावर एक चढवलेले असतात, कौलांसारखे. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि सतत लिहिण्याचं काम आलं की डिस्क रांगायला लागते. असं सतत लिहिणं नेमकं कधी येतं, तेही तुम्ही दाखवलंत. नॅसवर फक्त चाचणीपुरत्या फाइल्स होत्या. व्हिडिओ चालू असताना तुम्ही मला एक डिस्क ओढून काढायला लावलीत. नॅस बीप बीप करत राहिला, दिवा लाल झाला, पण चित्र थांबलं नाही. मग डिस्क परत बसवली आणि रिबिल्ड, म्हणजे तिच्यावरचा डेटा बाकीच्या डिस्कवरून पुन्हा भरणं, सुरू झालं. ८ टीबीची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटने भरायची तरी अकरा तास लागतात. माझ्या डिस्क रेड ५ मध्ये जोडल्या आहेत, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो; पण तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली तर सगळंच गेलं. चार डिस्कपैकी एकीची जागा सोडून हाती येणारे २४ टीबी मला तोपर्यंत पूर्ण सुरक्षित वाटत होते.

"डिस्क गेली तर रेड वाचवेल. तुम्ही चुकून फोल्डर उडवलंत तर कोण वाचवणार?" हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. आता रोज रात्री स्नॅपशॉट, म्हणजे फाइल्सची त्या वेळची स्थिती, घेतला जातो आणि मूळ फुटेजची प्रत वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर जाते. कॅमेऱ्याचं कार्ड, दोन्हीकडे प्रत गेल्याची खात्री झाल्याशिवाय फॉरमॅट होत नाही.

तुम्ही दिवसभर एडिटिंग करून दमलेल्या असायच्या, तरी माझ्या शंकांना कधी घाईत उत्तर दिलं नाहीत. महागडं मॉडेल सुचवून विषय संपवणं सोपं होतं. तुम्ही माझ्या फाइल्स बघितल्यात, माझं काम समजून घेतलंत आणि मगच बोललात. हे मला फार मोलाचं वाटतं.

एक विनंती आहे. घराबाहेरही एक प्रत हवी, असं तुम्हीच सांगितलंत. त्यासाठी आणखी एक डिस्क घेतली आहे, एन्क्रिप्ट करून ठेवली आहे. ती तुमच्या कपाटात ठेवली तर चालेल का? नव्या फुटेजसाठी अधूनमधून घेऊन जाईन, तेवढ्या निमित्ताने भेटही होईल.

आपला,
तुमच्याकडून शिकलेला एक एडिटर