उद्घाटनानंतर प्रकल्प कोणाच्या नावावर?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

सध्या ठाणे-नवी मुंबईत जिकडे बघावं तिकडे कामं चालू आहेत आणि पेपरात रोज वाचतो की अमुक काम इतके टक्के पूर्ण. मी नोकरीची सगळी वर्षं बांधकामाच्या साइटवर प्लॅनिंगमध्ये काढली म्हणून सांगावंसं वाटतं, हे टक्के फक्त बांधकामाचे असतात. त्याच्या आधी जागेचा सर्व्हे, डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर असतं आणि नंतर टेस्टिंग, ताबा देणं-घेणं, मग दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामात निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, ज्याला सगळे डीएलपी म्हणतात ती, आणि मग पुढची कित्येक वर्षं वापर आणि देखभाल. आपलं सगळ्यांचं लक्ष मधल्या कामावर, आणि नागरिकांना त्रास होतो तो बहुतेक वेळा आधीच्या घाईमुळे नाहीतर नंतरच्या दुर्लक्षामुळे.

आमच्या सेक्टरचंच बघा. रस्ता काँक्रीटचा झाला, काम चांगलं झालं, त्याबद्दल अजिबात तक्रार नाही. पण नंतर पाण्याची लाईन लीक झाली तेव्हा व्हॉल्व कुठे आहे हेच कोणाला सांगता येईना. चेंबरचं झाकण काँक्रीटखाली गेलेलं, हातात नकाशा होता तो टेंडरच्या वेळचा, त्यात लाईन रस्त्याच्या एका बाजूला आणि प्रत्यक्षात मध्ये झाडं आली म्हणून ती दुसऱ्या बाजूने नेलेली, आणि हे माहीत कोणाला तर ठेकेदाराच्या सुपरवायझरला, तो केव्हाच दुसऱ्या साइटवर गेलेला. शेवटी ब्रेकर लावून नवाकोरा रस्ता दोन-तीन ठिकाणी फोडला तेव्हा व्हॉल्व मिळाला. फोडलेल्या जागी पेव्हर ब्लॉक बसवले, ते आता खचलेत, आणि म्हातारी माणसं तिथून जाताना जपून पाय टाकतात.

हे का होतं? काम जसं प्रत्यक्ष झालं तसा नकाशा, म्हणजे अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंग, ठेकेदाराने द्यायचा ही अट करारात बहुतेक वेळा असतेच. पण बिल निघतं मोजमाप पुस्तिकेवरून, म्हणजे एमबीवरून. एमबीत क्युबिक मीटर लिहिता येतात, स्टीलचे किलो लिहिता येतात, नकाशा काही त्यात मोजून बसत नाही, त्यामुळे तो मागे राहतो आणि फायनल बिल पुढे जातं. एकदा पैसे गेले की मग कोण कोणाच्या मागे लागणार? त्यात ज्या इंजिनीअरने काम करून घेतलं त्याची बदली झालेली असते आणि देखभाल करणारं खातं म्हणतं आमच्याकडे अजून ताबाच आलेला नाही.

आता दुसरं उदाहरण, ज्याचा मला अभिमान वाटतो. कोकण रेल्वेचं मुख्यालय आपल्या सीबीडी बेलापूरलाच आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, महामंडळाचे पहिले प्रमुख ई. श्रीधरन यांनी ते काम उभं केलं आणि २६ जानेवारी १९९८ ला ७४१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग सुरू झाला. त्या वेगाचं कौतुक सगळेच करतात, मला त्यापेक्षा मोठं वाटतं ते पुढचं. २००३ ला वैभववाडीजवळ आणि २००४ ला करंजाडीला दरडी-दगडांमुळे भीषण अपघात झाले, माणसं गेली. त्यानंतर डोंगरउतारांना जाळ्या बसवल्या, कटिंगचे उतार कमी केले, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करून वेगळं वेळापत्रक आणि रुळांवर रात्रंदिवस गस्त, हे दरवर्षी चालू आहे. ज्या महामंडळाने लाईन बांधली तेच ती चालवतंय, त्यामुळे चूक कुठे राहिली हे शोधायला कुठे बाहेर जावं लागलं नाही आणि जबाबदारी ढकलायलाही कोणी नव्हतं.

नवी मुंबई मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं आणि बेलापूर-पेंधर गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. ११ किलोमीटर, ११ स्टेशनं. शहरातलं काम वेगळं असतं हे मान्य, कोकणच्या डोंगराशी सरळ तुलना नको. पण शेवटी ती औपचारिक उद्घाटनाशिवाय सुरू केली हे फार बरं केलं. लोकल रेल्वेचं दिघा गाव स्टेशन मात्र तयार होऊन कित्येक महिने तसंच उभं होतं, १२ जानेवारी २०२४ ला उघडलं. तयार वस्तू नुसती उभी राहिली की लिफ्ट, सरकते जिने, पंप, बॅटऱ्या न वापरता खराब होतात, आणि वॉरंटी पुष्कळदा माल पुरवल्याच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणजे लोकांनी वापरायच्या आधीच ती संपत जाते.

खाजगी बिल्डिंगला निदान रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा, आणि हे आता सोसायटीच्या कमिटीतल्या माणसांना पाठ असतं. मग आपल्याच पैशातून झालेल्या रस्त्याचा, नाल्याचा, पादचारी पुलाचा दोषदायित्व काळ कधी संपतो हे आपल्याला का माहीत नसावं? कामाच्या फलकावर खर्च आणि ठेकेदाराचं नाव असतं, त्याच फलकावर डीएलपीची शेवटची तारीख लिहा, आणि काम संपलं तरी फलक काढू नका. देखभाल करणाऱ्या खात्याचा माणूस डिझाइनच्या मीटिंगपासून बसवा, कारण चेंबर कुठे हवं हे त्यालाच कळतं. आणि अ‍ॅज-बिल्ट नकाशा, मशीनचे मॅन्युअल, चाव्या हे सगळं सही करून हातात आल्याशिवाय फायनल बिल नको. ठेकेदाराची सुरक्षा ठेव तर डीएलपी संपायच्या आधी, पावसाळा उलटल्यावर बांधणाऱ्या आणि देखभाल करणाऱ्या अशा दोन्ही खात्यांनी मिळून पाहणी केल्याशिवाय सोडूच नये. यातल्या कशालाही नवीन कायदा लागत नाही.

तुमच्या पेपरला एक विनंती आहे. भूमिपूजन आणि लोकार्पणाच्या बातम्या तुम्ही देताच, तर ठाणे-नवी मुंबईच्या पानावर महिन्यातून एकदा, पुढच्या तीन महिन्यांत कोणकोणत्या कामांचा दोषदायित्व काळ संपतोय त्याची यादी छापा. माहिती अधिकारात ती मिळू शकते. यादी आली की आमच्यासारखी माणसं आपापल्या भागात जाऊन, तडे, गळती, खचलेले ब्लॉक यांचे फोटो काढून मुदतीच्या आत लेखी तक्रार देतील, आमच्या सेक्टरची जबाबदारी मी घेतो.

– एक निवृत्त साइट इंजिनीअर, खारघर, नवी मुंबई